साईट चालू आहे का?

जून उजाडला की कर्जत आणि खालापूर तालुक्यांत दोन कामांची एकाच वेळी घाई उडते. एक भाताच्या पेरणीची, दुसरी मुलांच्या दाखल्यांची. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात. प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा, जातीचा हवा, अधिवासाचा हवा. खांडसकडून पहिल्या एसटीने निघालेली माणसे, कडाव-कशेळ्याहून टमटममध्ये दाटीवाटीने आलेले बापलेक, प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची चळत जपणाऱ्या आया कर्जतच्या सेवा केंद्रांसमोर उभ्या राहतात. केंद्रचालक शटर वर करतो आणि त्याच्या कानावर दिवसाचा पहिला प्रश्न येतो, "साईट चालू आहे का?"

एसटी गेली का, पाऊस आहे का, तशाच सुरात हा प्रश्न विचारला जातो. विचारणाऱ्याचा कोणावर राग नसतो. साईट कधी असते, कधी नसते, हे त्याने धरूनच ठेवलेले असते.

डिजिटल सेवांबद्दल सरकारी भाषेत बोलताना 'शाश्वत' हा शब्द अलीकडे वारंवार येतो. कागद वाचतो, झाडे वाचतात, प्रवास वाचतो, पेट्रोल वाचते, असा त्याचा अर्थ सांगितला जातो आणि तो खोटा नाही. पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या या दोन तालुक्यांत लोक सेवेची पारख वेगळ्या मापाने करतात. तालुक्याच्या गावी किती हेलपाटे घालावे लागले? गेल्या वर्षी जे चालले ते यंदाही चालेल का? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर त्यांचा विश्वास बसतो किंवा उडतो. सेवा पर्यावरणाला किती परवडते, याचेही उत्तर बहुतांशी याच हेलपाट्यांत दडलेले आहे.

एका खेपेची किंमत

खांडस भीमाशंकरच्या डोंगराच्या कुशीत आहे. तिथून कर्जत तीसेक किलोमीटर. गाडी हाताशी असेल तर हे अंतर काहीच नाही. पण डोंगरावरच्या वाडीतून आधी पायी उतरायचे, मग एसटी धरायची, काम झाले नाही तर परतीच्या शेवटच्या गाडीआधी स्टँड गाठायचा, असा तो सगळा दिवस असतो. मजुरी करणाऱ्याचा त्या दिवसाचा खाडा पडतो. खालापूर तालुक्यातल्या माणसालाही जातीच्या प्रमाणपत्रासाठी कर्जतच्या प्रांत कार्यालयाशी गाठ असते, कारण दोन्ही तालुक्यांचा महसुली उपविभाग एकच आहे. अनुसूचित जमातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी करणारी कोकण विभागाची समिती तर ठाण्याला बसते.

अर्ज ऑनलाइन झाल्यावर या खेपा कमी होणे अपेक्षित होते आणि काही बाबतींत त्या झाल्याही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा केला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा त्यामुळे नागरिकाचा हक्क झाला. सबळ कारणाशिवाय टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. 'आपले सरकार' संकेतस्थळ हे या कायद्याचे दार. घरबसल्या अर्ज करा, त्याची स्थिती मोबाइलवर पाहा, अपील करायचे तर तेही तिथूनच करा, असे हे चित्र आहे.

प्रत्यक्षात बहुतेक अर्ज घरातून जात नाहीत, सेवा केंद्रातून जातात. कागद स्कॅन करून ठरलेल्या मापात बसवणे, फोटो लहान करणे, मराठी नाव इंग्रजीत आधार कार्डावर आहे अगदी तसेच लिहिणे हे मोबाइलच्या छोट्या पडद्यावर जमणारे काम नव्हे. एका अक्षराचा फरक पडला तरी अर्ज परत येतो. म्हणून लोक केंद्रचालकाकडे जातात आणि त्यांच्या नजरेत तो केंद्रचालक म्हणजेच सरकार असते. तो समजूतदार असेल तर 'ऑनलाइन चांगलं आहे' आणि तो पावतीपेक्षा जास्त पैसे घेत असेल तर 'ऑनलाइन म्हणजे लुबाडणूक', असा निकाल लागतो. मंत्रालयात तयार झालेल्या यंत्रणेचे बरेवाईट नाव बाजारपेठेतल्या दहा बाय दहाच्या गाळ्यात ठरते.

सातबाऱ्याने कमावलेला विश्वास

लोकांनी मनापासून स्वीकारलेली डिजिटल सेवा कोणती, असे या भागात विचारले तर उत्तर सातबाऱ्याकडे जाते. त्याला कारण आहे. मुंबई आणि पुण्याच्या मधोमध असल्याने कर्जत-खालापूरच्या जमिनीला मागणी प्रचंड. फार्महाऊस, गृहप्रकल्प, रिसॉर्ट यांसाठी जमिनी सतत विकल्या जातात. भावकीतला एक जण गावात, दुसरा डोंबिवलीला, तिसरा मुंबईला, अशी घरे इथे पुष्कळ. आपल्या गटावर कोणी परस्पर नोंद तर टाकली नाही ना, ही धास्ती अशा प्रत्येक घरात असते.

राज्यातील अडीच कोटींहून अधिक सातबारे संगणकावर आणण्याचे काम अनेक वर्षे चालले. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांसाठी खुला झाला. पंधरा रुपये भरले की उतारा हातात पडू लागला. 'आपली चावडी'वर फेरफाराच्या नोटिसा दिसू लागल्या. पूर्वी तलाठी सजेवर नसला, दप्तर घेऊन तालुक्याला गेलेला असला की उताऱ्यासाठी दोन-तीन खेपा ठरलेल्या. त्या खेपा खरोखर थांबल्या. दूर राहणाऱ्याला आपल्या जमिनीवर नजर ठेवता येऊ लागली. लोकांना ही सेवा पटली, कारण तिने त्यांच्या जुन्या धास्तीवर इलाज दिला.

तरीही सही-शिक्क्याची ओढ सुटायला बराच काळ गेला. डिजिटल उतारा दाखवला तरी बँकेत किंवा एखाद्या कार्यालयात "तलाठ्याचा शिक्का आणा" असे सांगितले जाई. शेतकरी मग तोच उतारा घेऊन सजेवर जाई. शिक्क्याची निळी शाई डोळ्यांना दिसते, डिजिटल स्वाक्षरी दिसत नाही. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाला स्पष्ट आदेश काढावा लागला, की डिजिटल स्वाक्षरी, क्यूआर कोड आणि पडताळणी क्रमांक असलेला सातबारा सर्व शासकीय व कायदेशीर कामांसाठी ग्राह्य आहे, वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही. उतारा लोकांसाठी खुला झाल्यापासून या आदेशापर्यंत साडेसात वर्षे लोटली. या उशिराचे खापर ग्रामस्थांच्या अडाणीपणावर फोडता येत नाही. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाचाही स्वतःच्याच सरकारच्या कागदावर विश्वास बसलेला नव्हता.

अंगठा उठत नाही

आता दुसरी बाजू. रेशन दुकानात ई-पॉस यंत्र आले. शिधापत्रिकेवर नाव असलेल्या माणसाने अंगठा टेकवायचा, आधारशी जुळणी झाली की धान्य मिळायचे. परस्पर उचलल्या जाणाऱ्या धान्याला त्यामुळे आळा बसला, हे लोकही मान्य करतात. पण कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांमध्ये 'अंगठा उठत नाही' ही तक्रार नेहमीची आहे.

कातकरी समाज पिढ्यान्‌पिढ्या कोळसाभट्टीवर आणि वीटभट्टीवर राबत आला. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. माती मळून, विटा वाहून बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्राला त्या वाचता येत नाहीत. देशात कोठेही रेशन घेण्याची सोय आता आहे. पण भट्टीवरच्या माणसाला त्याची माहिती हवी, जवळ दुकान हवे आणि तिथे पुन्हा तोच अंगठा जुळायला हवा.

२०२४ च्या पावसाळ्यात ई-पॉसचा सर्व्हर बिघडला आणि राज्यभर धान्यवाटप अडखळले. दुकानदार आणि ग्राहक समोरासमोर, धान्य मागे पोत्यांत, मध्ये यंत्र गोल फिरणारे चिन्ह दाखवत राहिलेले. अखेर ऑफलाइन वाटपाला परवानगी द्यावी लागली. असा एक प्रसंग लोकांच्या मनात वर्षानुवर्षे राहतो, कारण चुलीशी त्याचा थेट संबंध असतो.

या भागात अंगठ्याला जुना इतिहास आहे. माथेरानचे भाई कोतवाल वकील होते. शेतकऱ्यांनी आणि आदिवासींनी सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठवू नये, त्यांना अक्षरओळख व्हावी, या तळमळीने त्यांनी कर्जत तालुक्यात स्वयंसेवी शाळा काढल्या, अडल्यानडल्यांसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. आपण कशावर अंगठा देतो आहोत हे माणसाला कळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह आज यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीतही तितकाच लागू आहे. पडद्यावरची अक्षरे त्याला वाचता येत नसतील, तर काय नोंदले गेले हे त्याला फक्त यंत्र हाताळणाऱ्याच्या तोंडून कळते.

ओटीपीचेही तसेच आहे. जुलै २०२४ पासून 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज 'नारीशक्ती दूत' ॲपवर घेतले गेले. योजना डिजिटल, पण गावोगावी ते अर्ज भरले अंगणवाडी सेविकांनी, आणि त्यासाठी शासनाने त्यांना प्रत्येक अर्जामागे पन्नास रुपये देऊ केले. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली, तेव्हा स्वतःबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. पती आणि वडील दोघेही हयात नसलेल्या बाईने काय करायचे? प्रश्न राज्यभर उठले, मुदत वाढवावी लागली. घरात एकच फोन, तो घेऊन नवरा कामावर, ओटीपी त्याच्या खिशात आणि बाई केंद्रावर रांगेत, ही अडचण कोणत्याही आराखड्यात लिहिलेली नसते.

पत्त्याचा रकाना

ऑनलाइन अर्जात एक रकाना सगळ्यांना सोपा वाटतो. तो पत्त्याचा. कर्जत-खालापूरच्या अनेक वाड्यांसाठी सर्वांत कठीण रकाना तोच आहे.

कित्येक कातकरी वाड्या पूर्वापार दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. वाडीला गावठाण म्हणून मान्यता नाही, म्हणून घर स्वतःच्या नावावर नाही आणि घरपट्टीही नाही. जमिनीचे भाव चढले तशी त्यांना हुसकावण्याची प्रकरणे वाढली. कशेळ्याच्या 'अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स' या संस्थेतील राजीव खेडकर आणि संशोधक डॅनियल बकल्स यांनी सहकाऱ्यांसह 'फायटिंग इव्हिक्शन' या पुस्तकात हाच झगडा मांडला आहे. रायगडमधील दळी जमिनींचा गुंता त्याहून जुना. ब्रिटिश काळात वनखात्याने आदिवासींना डोंगरउतारावर कसायला दिलेल्या या जमिनी. जिथे कसणाऱ्याच्या नावाचा स्वतंत्र उताराच झालेला नाही, तिथे डिजिटल सातबाऱ्याचा किंवा ई-पीक पाहणीचा त्याला उपयोग तो काय? १५ ऑगस्ट २०२१ पासून या पाहणीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो चढवायची सोय राज्यभर झाली. हमीभावाने भात घालायचे तर उताऱ्यावर पिकाची नोंद लागते. दळीत नाचणी-वरी पिकवणारा माणूस मात्र या साखळीच्या बाहेरच राहतो. नोंदीतली मूळ उणीव संगणकात गेली की ती आणखी पक्की होते, कारण पूर्वी ओळखीचा तलाठी समजून घेत असे, संगणक लाल खूण दाखवून थांबतो.

यादीत नसणे किती जीवघेणे ठरू शकते, हे खालापूरने पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २२८ वस्तीची ठाकरवाडी. रस्ता नसल्याने यंत्रे पोहोचू शकली नाहीत, बचावपथके चिखलातून चढून गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, असे सरकारने स्वतः सांगितले. डोंगराच्या पलीकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून त्या रात्रीही गाड्या धावत होत्या. डिजिटल नकाशे, इशाऱ्यांचे संदेश, उपग्रहचित्रे सारे उपलब्ध असलेल्या काळात मुंबईपासून दोन तासांच्या अंतरावरची ही वाडी कोणत्याही पडद्यावर धोक्याच्या रंगात उमटली नव्हती.

टिकतात कोणत्या सेवा?

डिजिटल सेवा सुरू करणे महाराष्ट्राला नवे नाही. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातील सत्तरेक गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प गाजला. बाजारभाव, आरोग्य, शिक्षण असे बरेच काही त्यातून मिळेल, अशी अपेक्षा होती. शेतकऱ्यांनी ती केंद्रे प्रामुख्याने वापरली उसाचे वजन, तोडीची माहिती आणि खताचा हिशेब यांसाठी. पुढे संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर एसएमएसने तीच माहिती दिली आणि शेतकऱ्यांना ती अधिक सोयीची वाटली. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याचा 'ज्ञानदूत' प्रकल्प २००० मध्ये सुरू झाला, त्याच वर्षी स्टॉकहोमचा पुरस्कार घेऊन आला आणि वीज-जोडणीच्या अडचणींत हळूहळू मंदावला.

केरळची 'अक्षय' केंद्रे मात्र टिकली. २००२ मध्ये मलप्पुरमला त्यांची सुरुवात झाली ती प्रत्येक घरातल्या एका माणसाला संगणक शिकवण्यापासून. लोक आधी शिकले, सेवा मागून वाढत गेल्या आणि केंद्रचालकाचे पोट त्यावर भरत राहिले.

आपल्याकडे ग्रामपंचायतीत आधी 'संग्राम' केंद्रे आली, मग 'आपले सरकार सेवा केंद्रे'. नाव बदलले, पाटी बदलली. तिथे बसणाऱ्या संगणक परिचालकांना मात्र थकलेल्या मानधनासाठी वेळोवेळी आंदोलने करावी लागली. परिचालकच पुढच्या वर्षी असेल की नाही याची खात्री नसेल, तर त्या सेवेला शाश्वत कसे म्हणायचे? शिवाय प्रत्येक योजनेचे वेगळे ॲप, वेगळा पासवर्ड, वेगळी केवायसी. गेल्या वर्षी शिकलेले यंदा उपयोगी पडत नाही, आणि 'हेही बंद होईल' हा समज घट्ट होतो.

याच खालापुरात उलट उदाहरणही उभे आहे. द्रुतगती मार्गावरच्या टोलनाक्यावर एके काळी सुट्ट्या पैशांसाठी गाड्यांच्या रांगा लागत, इंजिने धूर ओकत उभी असत. १ एप्रिल २०२५ पासून राज्याने सर्व टोलनाक्यांवर फास्टॅग बंधनकारक केला. गर्दीच्या सुट्ट्यांत आजही कोंडी होते, पण पैसे देण्यासाठी काच खाली करायचे काम उरले नाही. फास्टॅगला कोणी 'डिजिटल शासकीय सेवा' म्हणत नाही, कारण दर वेळी नवा अर्ज भरावा लागत नाही. एकदा दिलेली माहिती पुन्हा विचारली जात नाही. एस्टोनियाने हेच तत्त्व कायद्यात आणले आहे. सरकारच्या एका खात्याकडे असलेली माहिती दुसऱ्या खात्याने नागरिकाला पुन्हा मागायची नाही.

झेरॉक्स आणि वीज

पर्यावरणाचा हिशेबही इथेच लागतो. ऑनलाइन अर्जासाठी माणूस आधी झेरॉक्स काढतो, त्या स्कॅन होतात, अर्जाची प्रिंट निघते, पावतीची निघते, दाखला आला की त्याच्या पुन्हा चार प्रती. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, पण शाळेच्या खिडकीवर मागतात कागदच. अर्ज परत आला की पुन्हा एक खेप, पुन्हा डिझेल.

शिवाय संगणकाच्या पडद्यामागे वीज जळते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी वापरली. रायगड जिल्ह्यातच पनवेलला २०२० मध्ये मोठे डेटा सेंटर सुरू झाले. विजेशी खालापूर-कर्जतचे नाते शंभर वर्षांहून जुने आहे. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी इथे कोसळले आणि मुंबईच्या गिरण्या चालल्या. भिवपुरी-खोपोलीच्या आसपासच्या कित्येक वाड्यांना मात्र दिव्यासाठी पुढची अनेक दशके थांबावे लागले. आज मोबाइलच्या रेंजचे तसेच आहे. पेठच्या किल्ल्यासारख्या डोंगरावरच्या वस्तीत रेंज ठरावीक दगडावर मिळते, आणि तो दगड गावात सगळ्यांना ठाऊक असतो.

म्हणून लोकांना नेमके काय हवे, याचे उत्तर नव्या ॲपपेक्षा साधे आहे. पोस्टमन यंत्र घेऊन दारात येतो आणि आधारवर पैसे देतो, ही सोय वृद्धांना आवडते. १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती आहेत. आधार, जातीचा दाखला, बँक खाते यांसाठी शिबिरे वस्तीपर्यंत नेण्याची त्यात योजना आहे. ज्या दिवशी अधिकारी, यंत्र आणि शिक्का एकाच मांडवात बसतात, त्या दिवशी एकाच खेपेत काम होते आणि तीही खेप साहेबाची असते, वाडीची नव्हे.

अशा शिबिराची वेळ मात्र जपावी लागते. भात कापून झालेले असते, खळे सुकत असते, दिवाळी तोंडावर असते. त्या दोन-तीन आठवड्यांत सगळी वाडी घरी सापडते. नंतर भट्टीमालकांचे ट्रक डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबतात. भांडीकुंडी, कोंबड्या, पोरे आणि घरातला तो एक फोन त्यात चढतो, आणि पुढच्या जूनपर्यंत दारांना कड्या लागतात.